चिकाचा सदरा

जळगाव,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

भावजींच्या हातात पाकीट दिलं की ते आधी माझ्याकडे बघतात, मग पाकिटाकडे. "फोन आहे ना तुमच्याकडे?" म्हणतात आणि पाकीट तिकिटांच्या पिशवीत टाकतात. फोन आहे, पण तुझा फोन मायच्या उशाशी असतो आणि माय तो स्पीकरवर लावून अख्ख्या गल्लीसोबत ऐकते. तिला काही कळू द्यायचं नसेल तर तुझ्या नवऱ्याची धुळे-जळगाव एसटीच बरी. बहिणीचा नवरा कंडक्टर असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

बातमी अशी की मला प्रदर्शन मिळालं. एकटीचं, पहिलं, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. इथल्या एका कलादालनाचा हॉल एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रिकामा होता. जळगावच्या एप्रिलात चित्रं बघायला घराबाहेर पडेल असा माणूस नाही, म्हणून तो रिकामा होता आणि म्हणूनच माझ्या वाट्याला आला. तिथले व्यवस्थापक हितेंद्रसर म्हणाले, "मॅडम, गर्दीची अपेक्षा ठेवू नका, म्हणजे त्रास होत नाही." आनंद झाला ग, पण दुपारपर्यंतच पुरला. शाळेत माझ्या चित्रकलेच्या तासाला मला दुसऱ्यांच्या रजा भरायला पाठवतात. घरी येते तेव्हा चहा टाकायचंही जिवावर येतं.

प्रदर्शनाचं नाव 'चीक'. सगळं आपल्या लहानपणावर आहे, पण नुसती रंगवलेली चित्रं नाहीत. वाळलेली केळीची पानं मी कापडावर शिवते, जुने फोटो चिकटवते आणि शाई म्हणून केळीच्या खोडाचा ताजा चीक वापरते. लावताना पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतो, आठवड्यानं काळा. मग कुठलाही साबण आणा, डाग जात नाही. वसतिगृहातली माझी पत्र्याची पेटीही मांडणार आहे. हितेंद्रसर याला मिश्रमाध्यम म्हणतात. माय पसारा म्हणेल.

पण हॉलच्या मधोमध मला एकच गोष्ट हवी आहे. बाबांचा सदरा. तोच, डागांनी मूळचा रंग हरवलेला. सुट्टीत वसतिगृहातून घरी यायचे तेव्हाची माझी एकच आठवण ठळक आहे. संध्याकाळी बाबा तोतारामनानांच्या केळीच्या मळ्यातून यायचे, मी धावत जाऊन त्यांना बिलगायचे आणि सदऱ्याला चिकाचा तुरट वास यायचा. त्या वासावर मी पुढचे महिने वसतिगृहात काढायचे. माय तेव्हा कुठे असायची कुणास ठाऊक. सकाळी बाबांची भाकरी घेऊन जायची ती उन्हं उतरल्यावर परतायची. मळ्यात बायकांशी गप्पा मारत बसत असणार. मला फार राग यायचा.

सदरा मायच्या ट्रंकेत आहे, मागे मी पाहिला होता. भावजींबरोबर पाठवशील? तिला सांगू नकोस. तिला तो एकदम हॉलमध्येच दाखवायचा आहे.

तुझी,
समीक्षा


धुळे,
२ मार्च २०२५

चि. समीक्षा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र माझ्या नवऱ्याच्या पिशवीत धुळे-जळगाव-धुळे करत राहिलं. पिशवी झटकली तेव्हा हाताला लागलं. बिचारं पत्र माझ्यापेक्षा जास्त फिरलं.

अभिनंदन. खरंच बरं वाटलं. नाचले असते, पण शाळेच्या कार्यालयात मार्च महिना म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. संध्याकाळी आकडे दिसायचे बंद होतात. घरी मायचे गुडघे. सकाळी तिला मोरीपर्यंत न्यायचं, संध्याकाळी तेल चोळायचं आणि मधल्या वेळात 'मी कोणावर भार नाही' हे ऐकून घ्यायचं. राजदीप मदत करतात, बोलत मात्र नाहीत. दिवसभर 'पुढे सरका' म्हणून म्हणून त्यांचे शब्द संपलेले असतात.

ट्रंक उघडली. तुझी पाटी, बाबांचा चष्मा, मायचं एक लुगडं आणि माझ्या लग्नातला फोटो सापडला. सगळं पाठवते. सदरा दिसला नाही. उंदरांनी खाल्ला असेल, नाहीतर मायनं कुणा गरजूला दिला असेल. आणि सदराच कशाला ग? पेटी आहे, पानं आहेत, फोटो आहेत. लोकांना तेवढं पुष्कळ आहे. बाबांना जाऊन वीस वर्षं होत आली. त्यांना राहू दे जिथे आहेत तिथे.

मळ्यात बायका गप्पा मारत बसत नाहीत, एवढं लिहायचं होतं. असो. वेळेवर जेवत जा.

तुझी,
वृषाताई


जळगाव,
९ मार्च २०२५

प्रिय ताई,

उंदीर इतके निवडक नसतात. पाटी, चष्मा, लुगडं सगळं सोडून त्यांनी नेमका चिकानं पुठ्ठ्यासारखा झालेला सदरा खाल्ला? तुला तो द्यायचा नाही, एवढं सरळ लिहायचं.

का द्यायचा नाही ते मला कळतं, आणि आता बोलूनच टाकते. मला वसतिगृहात घातलं, मी शिकले, रंगांशी खेळत बसले. तू सातवीनंतर मळ्यात गेलीस आणि मग लग्नानंतर बाहेरून परीक्षा देत देत कारकून झालीस. ते तुझ्या मनात आहे. असणारच. पण बाबा दोघींचे आहेत ना? तुला ते रोज मिळाले. माझ्या वाट्याला फक्त सुट्टीतले आले, तेही संध्याकाळचे. तेवढ्यावर मी अख्खं प्रदर्शन उभं करते आहे, आणि तेवढंही तुला माझ्याजवळ राहू द्यायचं नाही?

सदरा नसेल तर हॉलच्या मधोमध काही नाही. हितेंद्रसरांनी पत्रिकेवर त्याच्या फोटोसाठी जागा सोडून ठेवली आहे.

रागानं लिहिलं आहे. फाडून नीट लिहायला अंगात जोर नाही, म्हणून असंच पाठवते.

समीक्षा


धुळे,
१७ मार्च २०२५

चि. समीक्षा,

सदरा पाठवते आहे. मी शोधला नाही, मायनंच काढून दिला. तिनं राजदीपना विचारलं, "जळगाववाली काय म्हणते?" आणि हा माणूस, जो घरात मीठ हवं असलं तरी बोटानं दाखवतो, चक्क बोलला. "सदरा मागताहेत," म्हणाला. माय गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसली आणि आपल्या गादीखालून सदरा ओढून काढला. म्हणजे रोज त्यावर झोपत होती, आणि मी ट्रंकेत शोधल्याचं नाटक करत होते. "दे तिले. बापाची आठवण हाये तिची," म्हणाली.

तू मनातलं लिहिलंस, तर मीही लिहिते. आहे माझ्या मनात. तुझ्या पेटीवर नाव रंगवलेलं होतं आणि माझ्या हातात कोयता होता, हे मी विसरलेली नाही. पण सदरा न देण्याचं कारण ते नव्हतं. खरं कारण विचारू नकोस, मी मायला शब्द दिलेला आहे.

एकच कर. सदऱ्याजवळ जो फलक लावशील त्यावर भाराभर लिहू नकोस. नुसता टांग.

वृषाताई


जळगाव,
६ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

रागावू नकोस, पण नुसता टांगणं मला जमलं नाही. इतका सुंदर आहे तो! लाकडी दांडीवर, छतापासून तारेनं सोडला आहे. दोन्ही बाजूंनी बघता येतो. डाव्या खांद्यावर घड वाहिल्याचा एकच मोठा काळा डाग आहे. बाह्या कुणीतरी हातशिलाईनं आखूड केल्या आहेत आणि काखेत फुलाफुलाच्या कापडाचं ठिगळ आहे. ते मायनंच लावलं असणार. तिच्या मायेची एवढी एक शिवण या प्रदर्शनात आली, याचं मला समाधान आहे.

फलकावर हे लिहिलं आहे: 'माझे वडील यादव केळीच्या मळ्यात वर्षानुवर्षं राबले. हे डाग त्यांच्या कष्टाचे. त्यांनी हा सदरा घातला, म्हणून माझ्या हातात ब्रश आला.' लिहिताना रडले.

इथल्या पेपरातली दिपमाला नावाची मुलगी येऊन मुलाखत घेऊन गेली. पुढच्या रविवारी येईल, धुळ्याच्या अंकातही. उद्घाटन २२ तारखेला, मंगळवारी सकाळी अकराला. पाहुणा कुणी मोठा नाही. पहिली मेणबत्ती मायनं लावायची, असं मी ठरवलं आहे. आता तिला सांगितलंस तरी चालेल.

पाठ फार दुखते आहे. शाळेचे पेपर तपासायचे पडलेत. पण ताई, आयुष्यात पहिल्यांदा वाटतं आहे की बाबांसाठी मी काहीतरी केलं.

तुझी,
समीक्षा


धुळे,
१३ एप्रिल २०२५

चि. समीक्षा,

पेपर आला. उद्या जयंती, गल्लीत निळे झेंडे लावायचं काम चालू होतं, तेवढ्यात शेजारच्या कोकिळावहिनी पेपर घेऊन धावत आल्या. "आक्काबाई, तुमनी पोरनं नाव पेपरमा उनं शे!" मायच्या खाटेवर बसून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. बाबांचे कष्ट, बाबांचा खांदा, बाबांचे डाग. माय ऐकत होती. "चांगलं लिव्हलं पोरीनं," म्हणाली. मग उठून मोरीत गेली आणि हात धुवायला लागली. धूतच राहिली. नळ बंद करायला शेवटी मला जावं लागलं.

मी मायला शब्द दिला होता, तो आज मोडते आहे. तो सदरा मायचा आहे.

घेतला होता बाबांसाठी, हे खरं. पण मळ्यात घातला मायनं. केळीत कामाला जाणाऱ्या बायका साडीवरून पुरुषाचा फुल बाह्यांचा सदरा घालतात, हे तू विसरलीस, की कधी पाहिलंच नाहीस? चीक लागला की साडी गेली, म्हणून घालतात. खोडाच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायची, वाळकी पानं उतरवायची, घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत यायचं. त्या बाह्या तिनं आपल्या हाताच्या मापानं आखूड केल्या. काखेतलं ते ठिगळ तिच्याच चोळीचं आहे.

तू चौथीत होतीस तेव्हा बाबा दीपनगरच्या वीजकेंद्रावर एका ठेकेदाराकडे कामाला होते. पाचवीत तू वसतिगृहात गेलीस आणि ते काम संपलं, बाबा घरी आले आणि परत कुठे गेलेच नाहीत. दारू नाही, मारझोड नाही. नुसते भिंतीला टेकून बसायचे. आंघोळ कर म्हटलं तर करायचे, नाही म्हटलं तर तसेच. आज डॉक्टरकडे नेलं असतं, तर या दुखण्याला काही नाव मिळालं असतं. तेव्हा गावानं एकच नाव दिलं होतं, बायकोच्या जिवावर खाणारा.

वसतिगृहातून पहिल्याच दिवाळीला तू रडत घरी आलीस. गावातल्या एका मुलीनं तिथे सगळ्यांना सांगितलं होतं की हिचा बाप घरात बसून असतो. तू मायला विचारलंस, "खरं आहे का?" माय म्हणाली, "कोन म्हनते? उद्या पाह्यजो." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या रोजच्या वापरातला सदरा बाबांच्या अंगात घातला, गुंड्या तिनंच लावल्या आणि त्यांना घराबाहेर काढलं. तू दारात उभी राहून हात हलवलास. बाबा कालव्याच्या पुलाखाली जाऊन बसले, दिवसभर. माय त्यांची भाकरी घेऊन निघाली, ती त्यांना पुलाखाली देऊन तशीच मळ्यात गेली, सदऱ्याशिवाय. संध्याकाळी आधी बाबा घरी यायचे, मग थोडं थांबून माय. पुढे दर सुट्टीला हेच. तू ज्या वासाला बिलगायचीस तो मायच्या अंगमेहनतीचा होता ग. मी तिच्यासोबत मळ्यात असायचे आणि घरी आल्यावर तोंडाला कुलूप लावायचे.

मला राग आला आहे. तुझा जास्त नाही, पण थोडा तुझाही. माय गप्पा मारत बसायची असं तू लिहिलंस. तुझ्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एका ठिगळापलीकडे माय कुठे आहे, ते मला सांग. इतकी वर्षं ही गोष्ट पोटात ठेवून मी दमले. आता तू बघ काय करायचं ते.

वृषाताई


जळगाव,
१५ एप्रिल २०२५

ताई,

पत्र शाळेच्या पायरीवर बसून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला वाटलं ऊन लागलं.

मला ती दिवाळी आठवत नाही. रडत आले ते आठवत नाही, मायला विचारलेलं आठवत नाही. बाबांना दारातून हात केलेला आठवतो. बाकीचं सगळं मी कुठे टाकलं? आठवणींवर प्रदर्शन मांडणारी बाई मी!

हॉलवर गेले आणि सदऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. बाबांचा राग यायला हवा असं वाटतं, पण येत नाही. मायचा येतो. मला का फसवलंस, असं ओरडावंसं वाटतं. मग तिचे हात डोळ्यांसमोर येतात आणि तोही राग टिकत नाही. आणि गप्पांबद्दल लिहिलं त्याची इतकी लाज वाटते की ते पत्र तू फाडून टाक.

मी फलक बदलते. 'हा माझ्या आईचा, आक्काबाईचा सदरा', असं लिहिते आणि पुढे सगळं खरं लिहिते. तिचं नाव तिथे लागायलाच हवं. नाहीतर हे अख्खं प्रदर्शन खोटं आहे आणि मी ते उघडू शकत नाही. पण तिला न विचारता नको. तू विचार. सात दिवस आहेत. हो म्हणाली तर रात्रीत नवा फलक करून घेईन.

समीक्षा


धुळे,
१८ एप्रिल २०२५

चि. समीक्षा,

विचारलं. आधी शिव्या खाल्ल्या. "तुह्या पोटात काहीच राह्यत नाही का वं?" असं सुरू झालं ते बराच वेळ चाललं. मग शांत झाली आणि म्हणाली, "भितीवर माह्या नावाचं काय करू मी? त्याचं राहू दे. मेलेल्या मानसाची लाज चारचौघात कायले काढाची?"

मी म्हटलं, "माय, तू राबलीस. ते बसून राहिले."

त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला त्याचा अर्थ लावत बसायला नको. "बसला म्हनू नको. घराबाहेर पाय टाकाले भेत होता तो मानूस. पोरगी आली का सदरा घालून निंघे. येनारेजानारे पुलावरून पाहेत, हासत. तो खाली मान घालून दिवसभर बसे. मले मळ्यात जेवढं जड नव्हतं तेवढं त्याले ते जड होतं. त्याची मजुरी तीच होती."

मी बाबांना आयुष्यभर मनातल्या मनात नावं ठेवली. मायनं कधी ठेवली नाहीत. आता या वयात मी पुन्हा सगळं नव्यानं मनात कुठे मांडत बसू?

तर फलक बदलायचा नाही, असा निरोप आहे. यायला तयार आहे, पण मेणबत्ती लावणार नाही, पुढे बसणार नाही. मला निकालाच्या कामातून सुट्टी नाही. कोकिळावहिनी सोबत येतील. राजदीपच्याच गाडीनं येतील आणि त्यांच्याच दुपारच्या फेरीनं परत. तू खरं लिहिलंस तर तिला लागेल, नाही लिहिलंस तर तुला. मी दोघींच्या मधे उभं राहायचं सोडलं आहे.

वृषाताई


जळगाव,
२४ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

पळवाट काढली. जुना फलक उतरवला आणि त्या जागी लिहिलं, 'सदरा. कापड, दोरा, केळीचा चीक.' कुणाचंच नाव नाही. मायचा शब्दही मोडला नाही आणि बाबांचं खोटंही राहिलं नाही, असं स्वतःला समजावलं. समाधान कशाचंच झालं नाही.

माय आली ती उन्हानं लालबुंद होऊन, डोक्यावर ओला रुमाल. हॉलमध्ये हितेंद्रसरांनी पाहुण्यांसाठी म्हणून एसी सकाळपासून पूर्ण सोडून ठेवला होता. माणसं जेमतेम वीस-पंचवीस, त्यातली निम्मी माझ्या शाळेतली. मेणबत्ती मुख्याध्यापिकांनी लावली. माय कोकिळावहिनींचा हात धरून सगळ्या भिंती हळूहळू फिरली. पेटीपाशी थांबून तिनं झाकणावरून हात फिरवला. मग सदऱ्यासमोर उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. 

तेवढ्यात पेपरवाली दिपमाला आली. तिनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, यादवबाबांचाच ना हा सदरा?"  माय म्हणाली, "हो. आमच्या मालकाचा." दिपमाला म्हणाली, "फार कष्ट केले त्यांनी." माय म्हणाली, "लय केले." ताई, तिथेच ओरडून सांगावं असं वाटलं. पण तिच्या डोळ्यांत अशी ताकीद होती की मी गप्प राहिले.

मग ती खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं तिचे हात कापायला लागले. घामानं भिजलेलं अंग आणि वरून ती हवा. कोकिळावहिनींनी आपला पदर तिच्या खांद्यावर टाकून पाहिला, हितेंद्रसर रिमोट शोधायला पळाले, तो सापडेना. माय मला म्हणाली, "समीक्षा, तो सदरा उतरव बरं. हीव लागलं मले."

हितेंद्रसर म्हणाले, "आजी, ती कलाकृती आहे."

"असू द्या," माय म्हणाली. "धुतेल हाये."

मी स्टुलावर चढले आणि सदरा काढून दिला. तिनं बसल्या बसल्याच एक हात घातला, दुसरा घातला, पदर आत खोचला आणि खालून वर गुंड्या लावत गेली, बोलत बोलत, न बघता. सदरा तिच्या अंगावर असा मापात बसला की सगळे वळून बघायला लागले. दिपमालानं मायकडे बघितलं, मग रिकाम्या दांडीकडे, मग माझ्याकडे.  माय बशीत चहा ओतून पीत होती, सदऱ्याच्या बाहीनं ओठ पुसत होती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि रडले. लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीनं.

ती सदरा घालूनच निघाली. स्टँडवर बेचाळीस अंशांत, साडीवर तो सदरा! भावजींनी तिला बघितलं, पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं आणि घंटी मारली.

हॉलच्या मधोमध आता नुसती दांडी लोंबते आहे. हितेंद्रसर विचारतात, तिथे दुसरं काय लावू? मी म्हटलं, राहू द्या. तिनं मुद्दाम केलं की खरंच थंडी वाजली, तेवढं विचारशील?

तुझी,
समीक्षा


धुळे,
३० एप्रिल २०२५

चि. समीक्षा,

विचारलं. थंडीच वाजली म्हणते. तू ठेव विश्वास, मी ठेवायचा की नाही ते बघते.

आल्यापासून इकडे कोकिळावहिनींना दुसरा विषय नाही. काल सकाळी भाजीवालीच्या गाडीभोवती बायका जमल्या होत्या, माय ओट्यावर मेथी निवडत होती, सदरा समोर दोरीवर वाळत होता. वहिनी भाजीवालीला सांगत होत्या, "आक्काबाईनी धनीना सदरा घाली लिधा, आनि बठ्ठा देखतच राहिनात!"

"धन्याचा नाही तो," माय म्हणाली. मान वर न करता.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजे?"

"माहा हाये. मी घालत होती मळ्यात. तो घरी राहे, त्याले बरं नव्हतं." एवढं बोलली आणि मेथीच्या काड्या बाजूला टाकल्या.  मग भाजीवालीनं विचारलं, "कोनता मळा, आक्का?" आणि माय सांगायला लागली. तोतारामनानांचा मळा, कालवा, घड, पावसाळ्यातला चिखल. बाबांचंही सांगितलं, पुलाखालचं, न लाजता. मी कार्यालयाला निघाले होते, ती उंबऱ्यातच बसले.  इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'मी' हा शब्द मी एवढ्या वेळा कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी तेल चोळताना मी विचारलं, "माय, आता समीक्षानं तिथे तुझं नाव लिहिलं तर चालेल?"

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "लिव्ह म्हना. मोठ्या अक्षरात लिव्ह म्हना, मले चष्म्याबिगर दिसलं पाह्यजे."

प्रदर्शन परवाच संपलं, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझी,
वृषाताई